अठरा पूर्ण होताना: बालगृह सोडणाऱ्या मुलांविषयी वाचकांचे प्रश्न

बाल न्याय अधिनियम 2015 प्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृहातला मुक्काम संपतो. त्याच कायद्याच्या कलम 46 मध्ये पुढच्या आधाराची, म्हणजे अनुरक्षणाची तरतूद आहे. तो एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकतो. कागदावर हे ठीक आहे. पण स्वतःची खोली, स्वतःचा पगार आणि स्वतःचा डबा सांभाळायला मुलं कुठे शिकतात, याबद्दल आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत.

प्रश्न: मी मुलींच्या बालगृहाची अधीक्षिका आहे. आम्ही दरवर्षी जीवनकौशल्यांची कार्यशाळा घेतो, पैशांचं नियोजन शिकवतो. तरी बाहेर पडलेल्या मुली सहा महिन्यांत कर्जात सापडतात किंवा नोकरी सोडून बसतात. काय कमी पडतं?

तुमच्याकडे राहणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीने आयुष्यात साबण विकत घेतलेला नसतो. घंटा झाली की उठायचं, जेवण ताटात येतं, पॅड कपाटातून मिळतात, दवाखान्यात न्यायला ताई असतात. कशाचीही किंमत तिला माहीत नाही आणि एखादी गोष्ट संपली तर काय होतं याचा अनुभव नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेतला तक्ता तिला पाठ होतो, पण तो वापरायला तिच्या हातात पैसेच नसतात.

सोळाव्या वर्षापासून महिन्याला ठरावीक रक्कम द्या. 300 रुपये असले तरी चालतील, पण ते महिन्याच्या सुरुवातीला एकदम द्या, मागेल तसे नकोत. त्यातून तिने टूथपेस्ट, साबण, शाम्पू, झेरॉक्स, बसभाडं भागवायचं. या वस्तू भांडारातून देणं त्या दिवसापासून बंद. पॅड आणि औषधं मात्र यात धरू नका. ती संस्थेनेच द्यायची. 18 तारखेला पैसे संपले तर भर घालायची नाही. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. काळजीवाहक ताईंना दया येते, वाढदिवसाला आलेला देणगीदार शंभरची नोट हातात ठेवतो आणि शिकणं तिथेच थांबतं. साबण संपल्यावर मैत्रिणीकडे उसना मागायची वेळ सोळाव्या वर्षी आली, तर नुकसान साबणाचंच होतं. वही ठेवायला सांगा, पण आठवड्यातून एकदाच पाहा आणि पाहताना उपदेश टाळा. रोज तपासली तर मुली तुम्हाला आवडेल तेवढंच लिहितात.

दुसरी गोष्ट वेळेची. सोळाच्या पुढच्या मुलींसाठी सकाळची घंटा बंद करा आणि प्रत्येकीला गजराचं घड्याळ द्या. पहिला महिना उशीर होईल, शाळेत बोलणी बसतील. बसू द्या. पहिल्या नोकरीतून मुलं बाहेर पडतात त्याचं कारण बऱ्याचदा कामातलं कौशल्य नसतं. सलग दोनदा उशीर झाला की ओरडा नको म्हणून तिसऱ्या दिवशी ती जातच नाहीत. फोन करून ‘आज उशीर होईल’ असं सांगणं हेसुद्धा शिकवावं लागतं. तेही तोंडी सांगून नाही, शाळेत प्रत्यक्ष फोन करायला लावून.

तिसरी, बाहेरची कामं. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढणं, लक्षणं स्वतः सांगणं, गोळी किती दिवस आणि जेवणाआधी की नंतर हे विचारून घेणं, बँकेत स्लिप भरणं, एसटीचं आरक्षण. पहिल्या वेळी ताई शेजारी, दुसऱ्या वेळी ताई दाराबाहेर, तिसऱ्या वेळी मुलगी एकटी. मुलांच्या संस्थांमध्ये हे थोडंफार होतं. मुलींच्या संस्था ‘काही झालं तर जबाबदारी कोणाची’ या भीतीने मुलींना फाटकाबाहेर सोडत नाहीत आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याच मुलीला एकदम अख्ख्या शहरात सोडतात. आमच्या मते यात सुरक्षितता कमी आणि धोका जास्त आहे. भीतीवरचा उपाय कागदावरच आहे: प्रत्येक मुलीच्या वैयक्तिक संगोपन आराखड्यात ही कामं तारखेनिशी लिहा आणि बालकल्याण समितीसमोर ठेवून नोंद करून घ्या. मग ती मंजूर आराखड्यातली पायरी ठरते, तुमच्या एकटीच्या मर्जीवर राहत नाही.

केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांनुसार संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी अनुरक्षणाची शिफारस करणारा आराखडा समितीकडे जायला हवा. ही शेवटची मुदत आहे. त्या वेळी सुरुवात केली तर फक्त सह्या होतात.

प्रश्न: मी साडेसतरा वर्षांचा आहे, आयटीआयला फिटर करतोय. सहा महिन्यांनी बालगृह सोडायचं आहे. सर म्हणतात कागदपत्रं नीट कर. नक्की कुठली आणि कुठून सुरू करू?

क्रम चुकला की एकाच कामासाठी चार चकरा होतात, म्हणून क्रमानेच सांगतो.

आधी आधार आणि शाळेचा दाखला समोरासमोर ठेव. नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळते का पाहा. बालगृहातल्या मुलांची आधार कार्डं बहुधा शिबिरात घाईने निघालेली असतात. आडनाव गाळलेलं किंवा तारीख 1 जानेवारी टाकलेली असं सर्रास सापडतं. आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं, त्यामुळे कुठला कागद बरोबर आहे हे सरांसोबत ठरवूनच अर्ज कर. ही दुरुस्ती संस्थेत असतानाच व्हायला हवी, कारण जन्माचा पुरावा तुझ्या फाइलमध्ये आहे आणि फाइल संस्थेत आहे. पंधरा वर्षांनंतर करायचं बोटांचे ठसे आणि डोळ्यांचं नूतनीकरण राहिलं असेल तर तेही त्याच फेरीत उरक.

आता अनाथ प्रमाणपत्र. आई-वडील दोघंही हयात नसतील किंवा कोण हे माहीत नसेल तर ते मिळतं. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे जातो आणि प्रमाणपत्र विभागीय उपआयुक्त देतात. महाराष्ट्रात 2018 पासून अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण आहे, त्यासाठी हाच कागद लागतो. पुढे डिप्लोमा किंवा डिग्रीचा विचार असेल तर 2024-25 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची माफी अनाथ मुला-मुलींनाही लागू आहे. आई किंवा वडील यांपैकी एक हयात असेल तर मात्र हे प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून अनुरक्षणही मिळणार नाही असा समज करून घेऊ नकोस. अनुरक्षण संस्थेतून बाहेर पडणाऱ्या कोणालाही लागू आहे, फक्त अनाथांना नाही. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेखाली त्यासाठी महिना 4,000 रुपयांची तरतूद आहे; जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन तुझा अर्ज पुढे गेला का हे स्वतः विचार. पैसे मंजूर झाले तरी 1 तारखेला जमा होतीलच असं धरून भाडं ठरवू नकोस.

मतदार नोंदणीचा अर्ज क्रमांक 6 सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ भरता येतो. नातेवाइकाच्या नावाच्या रकान्यात अनाथांसाठी कायदेशीर पालक हा पर्याय आहे, त्यामुळे तो रकाना पाहून फॉर्म परत आणू नकोस.

अठरा पूर्ण झाले की पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या नावावर सिमकार्ड घे. त्याआधी ते मिळत नाही, म्हणून संस्थेतल्या मुलांचं आधार आणि बँक खातं अधीक्षकांच्या किंवा एखाद्या दादाच्या नंबरला जोडलेलं असतं. पुढे अधीक्षकांची बदली होते आणि ओटीपी कोणाच्या फोनवर जातो ते कळत नाही. सिम आलं की आधार केंद्रात प्रत्यक्ष जाऊन नंबर बदल.  मग बँक. अल्पवयीन खातेदाराचं खातं अठरानंतर नवी सही, नवा फोटो आणि नवं केवायसी दिल्याशिवाय चालत नाही. अनुरक्षणाची रक्कम नेमकी याच बंद खात्यात अडकते. खातं शून्य शिलकीचंच राहू दे. नंबर नव्वद दिवस वापरला नाही तर बंद होऊन पुढे दुसऱ्याला दिला जाऊ शकतो, म्हणून पैसे नसतील त्या महिन्यातही सगळ्यात लहान रिचार्ज चुकवू नकोस.

निघताना फाइलमधल्या बालकल्याण समितीच्या आदेशाची, मुक्तता आदेशाची आणि लसीकरण व आजारपणाच्या नोंदींची प्रत मागून घे. एक संच तुझ्याकडे, एक संस्थेत, आणि प्रत्येक कागदाचा फोटो स्वतःच्या ईमेलवर. मूळ कागद कोणत्याही कंत्राटदाराकडे किंवा मालकाकडे ठेवायचे नाहीत. दाखवायचे आणि झेरॉक्स द्यायची.

प्रश्न: आम्ही तिघं एकाच संस्थेत वाढलो, चाकणला कंपनीत लागलो. खोली बघायला गेलो की घरमालक आई-वडिलांचं विचारतात आणि संस्थेचं नाव निघालं की नकार देतात. काय सांगायचं?

खोटं सांगू नका आणि सगळं सांगायलाही बसू नका. ‘आम्ही तिघं वसतिगृहात एकत्र शिकलो, आता अमुक कंपनीत आहोत’ इतकं पुरतं. हातात कंपनीचं ओळखपत्र, तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि संस्थेचं एका परिच्छेदाचं पत्र ठेवा. पत्रात किती वर्षं राहिले, वागणूक चांगली, संपर्काला अमुक फोन, एवढंच असावं. संस्थेत का आलात ते त्यात नको. घर दाखवण्याआधी अशी चौकशी करणारा एजंट नकोसा वाटला तर कंपनीतल्या सोबत्यांना विचारा. एखादा खोली सोडतोय हे त्यांना आधी कळतं.

करार लेखी आणि नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी लागत नाही, हे चूक. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के पडतं. महिना 9,000 भाडं असेल तर अकरा महिन्यांचे 99,000, म्हणजे शुल्क अडीचशे-तीनशेच्या आसपास, आणि वर नोंदणी फी शहरी भागात 1,000 रुपये. ‘कागदपत्रांचे पाच हजार’ कोणी मागितले तर उरलेलं कशाचं हे विचारा. आधारवरचा पत्ता बदलायला हाच करार उपयोगी पडतो.

अनामत रोख देऊ नका, खात्यातून द्या. चावी मिळाल्याच्या दिवशी भिंती, नळ, खिडक्या आणि विजेच्या मीटरचा आकडा यांचा व्हिडिओ काढून घरमालकाला पाठवा. अनामतीवरची भांडणं नेमकी इथून निघतात. सबमीटर असेल तर युनिटचा दर करारात लिहून घ्या. किती दिवस आधी कळवून खोली सोडता येईल तेही.

आणि तिघांपैकी एक जण अचानक निघून गेला तर? संस्थेतली मैत्री घट्ट असते, म्हणून हे कोणी बोलत नाही. आधीच ठरवा: निघणाऱ्याने एक महिना आधी सांगायचं, नाही तर त्याच्या अनामतीतून त्या महिन्याचं भाडं वळतं होईल. कागदावर लिहून तिघांनी सही करा.

प्रश्न: मी वीस वर्षांची आहे, पहिली नोकरी लागली. चौदा हजार सांगितले होते, हातात साडेबारा येतात. फसवतायत का? शिवाय एका ओळखीच्याने माझं बँक खातं वापरायला मागितलंय, महिन्याला दोन हजार देतो म्हणतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. एटीएम कार्ड, सिम, पासबुक, ओटीपी यातलं काहीही द्यायचं नाही. अशा खात्यांतून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात. तक्रार झाली की खातं गोठतं, पगार अडकतो आणि पोलीस पहिल्यांदा खातेदाराकडे येतात, कारण नाव तुझं असतं. घरचं कोणी विचारणारं नाही अशा मुलामुलींना हेरूनच हे लोक येतात. आधीच दिलं असशील तर आज बँकेत जाऊन कार्ड बंद कर आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर कळव.

आता पगार. पावती माग, ती मागणं हा उद्धटपणा नाही. समज मूळ वेतन 11,000 आणि एकूण 14,000 आहे. भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के, म्हणजे 1,320 रुपये. राज्य कामगार विम्याचे एकूण पगारावर 0.75 टक्के, म्हणजे 105. व्यवसाय कर महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंतच्या पगारावर लागत नाही. तुझ्या पावतीवर 200 रुपये कापलेले दिसले तर हिशोबनिसाला दाखव. 14,000 वजा 1,425 बरोबर 12,575. तुझा आकडा बसतोय, पण पैसे खरंच जमा होतात का ते पाहायला हवं. तुझा यूएएन, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा कायमचा क्रमांक घे आणि उमंग अॅपवर पासबुक उघडून बघ. कापतात पण भरत नाहीत, असंही घडतं. पुढे नोकरी बदललीस तरी यूएएन तोच द्यायचा आणि जुनी रक्कम काढून न घेता वर्ग करायची. विम्याचं ई-पहचान पत्र मागून घे. त्यावर कामगार विम्याच्या दवाखान्यात मोफत उपचार मिळतात आणि उपचारासाठी पहिल्या दिवसापासून पात्रता असते. घरचे पाठीशी असलेल्या सहकाऱ्यांपेक्षा तुला हे जास्त लागेल, कारण आजारी पडल्यावर पैसे मागायला तुझ्यामागे कोणी नाही.

पगाराच्या दिवशी तीन गोष्टी आधी: भाडं किंवा कॉट बेसिसचे पैसे, मेस किंवा किराणा, बसचा पास. मग 500 रुपये दुसऱ्या खात्यात, ज्याचं एटीएम कार्ड घेतलेलंच नाही. उरलेल्याचे चार भाग, दर सोमवारी एकच भाग यूपीआयच्या खात्यात. आठवडा संपण्याआधी पैसे संपले तर कळतं तरी की गुरुवारीच संपले. महिन्याच्या हिशोबात हे 25 तारखेपर्यंत दिसत नाही, आणि 25 तारखेलाच कर्जाचं अॅप फोनमध्ये येतं.

प्रश्न: आमचा मुलगा (आम्ही त्याचे पालक-मित्र आहोत) संस्थेच्या स्वयंपाकघरात मदत करायचा, तरी एकट्याचं करायला जमत नाही. रोज वडापाव. कुठून सुरू करावं?

संस्थेत त्याने ऐंशी जणांचा भात पाहिला आहे. तिथे मीठ मुठीने आणि तेल पळीने पडतं. एका माणसाच्या भांड्यात तो अंदाज उपयोगाचा नाही. त्यामुळे एकट्याचं माप त्याला नव्यानेच शिकावं लागणार.

तीन लिटरचा कुकर, एक कढई, एक तवा, एक पातेलं, एक वाटी. सगळं माप त्या एकाच वाटीने. मुगाची खिचडी: अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, दोनदा धुवून, दोन चमचे तेलात मोहरी, हिंग, हळद, हवा असेल तर कांदा, तीन वाट्या पाणी, चहाचा एक सपाट चमचा मीठ, तीन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप उतरेपर्यंत झाकणाला हात नाही. दाब असताना झाकण ओढणं आणि पाणी कमी घालून कुकर कोरडा चढवणं, अपघात या दोन गोष्टींनी होतात. शिट्टीतून वाफच येत नसेल तर गॅस बंद करून थांबायचं. कुकर गार झाल्यावर शिट्टी काढून झाकणावरची नळी उजेडाकडे धरून पाहायची, बहुधा डाळीचं टरफल अडकलेलं असतं.

खिचडी जमली की त्याच मापाने वरण-भात, मग अंडाभुर्जी, मग कांदा-बटाट्याची भाजी. पोळ्या शेवटी. पहिले दोन महिने पोळ्या मेसमधून किंवा पोळीभाजी केंद्रातून आणाव्यात. पोळीच्या हट्टापायी कित्येक मुलं स्वयंपाकच सोडतात.

फ्रिज नसेल तर एका वेळेपुरतंच करायचं. उन्हाळ्यात रात्रीचा भात सकाळी वास न येताही पोट बिघडवतो. किराणाही आठवड्याचा आणायचा: तांदूळ एक किलो, तूरडाळ किंवा मूग अर्धा किलो, तेलाची अर्ध्या लिटरची पिशवी, कांदे-बटाटे किलो किलो. महिन्याचं एकदम भरलं की किडे होतात आणि पैसेही अडकतात.

गॅससाठी पत्त्याचा पुरावा नसेल तर पाच किलोचा सिलिंडर फक्त ओळखपत्रावर मिळतो. किलोमागे तो घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो, तरी चौकातल्या चोरट्या भरणीपेक्षा हजारपट बरा. इंडक्शन घेत असाल तर आधी खोलीतला सॉकेट बघा. 2,000 वॉटची शेगडी साडेआठ अँपिअरच्या वर वीज ओढते. मोबाइल चार्जिंगच्या 6 अँपिअरच्या लहान सॉकेटला ती लावली की प्लग वितळतो. मोठा 16 अँपिअरचा सॉकेट नसेल तर शेगडी 1,200 वॉटच्या वर न्यायची नाही.

प्रश्न: कॉलेजचं वसतिगृह दिवाळीत आणि मे महिन्यात बंद होतं. सगळे घरी जातात. मी कुठे जायचं? बालगृहात राहू देत नाहीत.

बालगृहात अल्पवयीन मुलं असतात. तिथे प्रौढ व्यक्तीला रात्री मुक्कामाला ठेवणं अधीक्षकांच्या हातात नसतं. राग धरू नकोस. दिवसा फराळाला जाता येतं, आणि जावं.

राहण्याची सोय ऑगस्टमध्येच लाव. रेक्टरना लेखी अर्ज दे, त्यात अनुरक्षणाच्या आदेशाचा उल्लेख कर आणि प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला दे. परदेशी किंवा दूरच्या राज्यांतल्या विद्यार्थ्यांसाठी एखादा मजला बऱ्याचदा उघडा असतोच, तिथे एक खाट मिळते. ते नाही जमलं तर जवळचं अनुरक्षण गृह. आदर्श नियमांत सहा ते आठ जणांच्या गटनिवासाचीही तरतूद आहे, जिल्ह्यात तसं काही चालतं का ते कक्षातच विचार. मुलगी असशील आणि नोकरी किंवा प्रशिक्षण चालू असेल तर सखी निवास या नोकरदार महिलांच्या वसतिगृहात चौकशी कर. दुसऱ्या वर्षापासून दोघा-तिघांनी मिळून बारमाही खोली घेणं वसतिगृहापेक्षा थोडं महाग पडलं, तरी तुझ्यासाठी आम्हाला तेच बरं वाटतं.

सुट्टीत काम मिळत असेल तर घे. दिवाळीच्या आधीच्या तीन आठवड्यांत दुकानांना माणसं लागतात. रात्री फारच जड वाटायला लागलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मोफत. मराठीतून बोलता येतं.